आरशावरची वाफ आणि गीझरचा वाद

४ नोव्हेंबर, सकाळी
आजपासून ही वही. कोणी वाचायची नाही. शास्त्रीय नोंदींसाठी आहे.

ग्रंथालयातून पुस्तक आणलं. घरातल्या रोजच्या गोष्टींमागचं विज्ञान. बाथरूमवर अख्खं प्रकरण आहे. ग्रंथालयातली बाई म्हणाली, काकू, ह्यात गोष्ट नाही हं, नुसती माहिती आहे. म्हटलं, गोष्टी पुष्कळ झाल्या, आता कारणं द्या. शाळा नववीत सुटली माझी, वाचन नाही सुटलं. पुड्यांचे कागदसुद्धा उलगडून वाचलेत.

प्रयोगाचा विषय: बेसिनवरचा आरसा.

घडतं ते असं. दार लावून गरम पाण्याने अंघोळ केली की आरशावर वाफ धरते आणि वाफेत अक्षरं दिसतात. ‘गीझर बंद कर.’ अक्षर ह्यांचं.

हे एप्रिलमध्ये गेले. नंतर मी मुलीकडे होते, घर बंद होतं. गेल्या आठवड्यात परत आले, पहिली अंघोळ केली, टॉवेलला हात घातला, वर बघते तो हे.

मी घाबरले नाही. बाहेर येऊन पलंगावर बसले आणि केस वाळेपर्यंत बसून राहिले, एवढंच.

कारण पुस्तकात आहे. बोटाचा तेलकटपणा, साबण, असलं काही काचेवर राहून जातं. एरवी दिसत नाही. वाफ धरली की कोऱ्या काचेवर थेंब एक तऱ्हेने बसतात आणि त्या रेघेवर दुसऱ्या तऱ्हेने, म्हणून रेघ वेगळी दिसते. कोणी पुसलं नाही तर कितीही दिवस टिकते. संपलं. ह्यात भूतबित काही नाही.

निश्चय: आरशाला हात लावायचा नाही. रोज बघायचं नाही, फक्त रविवारी. रडायचं नाही, खारं पाणी प्रयोगात नको.

५ नोव्हेंबर
बघितलं. रविवारपर्यंत सहज थांबता आलं असतं, पण केस धुवायचे होते.

६ नोव्हेंबर
केस कालच धुतले होते, पण नीट निघाले नव्हते.

७ नोव्हेंबर, दुपारी
पुस्तकात प्रत्येक प्रयोगाला पार्श्वभूमी दिली आहे. मीही देते.

आमच्यात भांडण झालं की आवाज चढत नसे. अबोला. आणि अबोल्यात आरसा. हे आधी अंघोळ करायचे, वाफेवर बोटाने लिहायचे आणि दार लोटून बाहेर पडायचे. लगेच मी आत. वाचायचं, खाली उत्तर लिहायचं. हे दाढीला परत आले की वाचायचे. ‘दूध संपलं.’ ‘दिसलं.’ ‘तुझ्या बहिणीला काय सांगू?’ ‘जे नेहमी सांगता ते.’ तोंडाने जो आधी बोलेल तो हरला. बहुतेक वेळा हेच हरायचे. स्वतःचा चष्मा स्वतःला सापडत नसे.

शेवटचं भांडण गीझरचं. माझं म्हणणं, गीझर चालूच ठेवावा. पाणी गरम राहतं, पुन्हा पहिल्यापासून तापवायला नको, वीज वाचते. ह्यांचं म्हणणं, काम झालं की बंद करावा. मी म्हटलं, कापडाच्या दुकानात वीज विकत नाहीत, तुम्हाला काय कळतं. तिथून अबोला.

हे कापडाच्या दुकानात होते. उंच. वरच्या फळीवरचा तागा काढायला दुकानात शिडी होती, पण ती आणण्यापेक्षा ह्यांना हाक मारणं सोपं. त्या दिवशीही तागा काढायला हात वर केला आणि तसेच खाली बसले. मालकांचा फोन मला दुपारी आला.

त्या सकाळचा मजकूर आरशावर होता. उत्तर द्यायची पाळी माझी होती. उत्तर तयार होतं, चांगलं झोंबेल असं. म्हटलं, आज नको, जरा वाट बघू दे, उद्या लिहू.

डाव अर्धा टाकून उठून जाणं ह्याला काय म्हणायचं? मी विश्वासघात म्हणते. शास्त्रीय वहीत हा शब्द बसत नाही, पण दुसरा सापडला नाही.

९ नोव्हेंबर, रविवार
आज अधिकृतपणे बघितलं. ठळक आहे.

मग गीझरचं पान काढलं. उशीर कशाला? ह्यांच्या मागे का होईना, निकाल लागू दे.

पुस्तक म्हणतं, बंद करावा. पाणी जितकं गरम, तितकी उष्णता टाकीतून बाहेर निसटते. दिवसभर गरम ठेवलं तर दिवसभर निसटत राहते. गार होऊ दिलं तर निसटणं कमी कमी होत जातं. म्हणून पुन्हा तापवणंच स्वस्त.

पान पुन्हा वाचलं. मग मागच्या बाजूला लेखकाचा फोटो बघितला. पुरुष. टाय लावलेला.

मी विश्वासाने पुस्तक घरी आणलं, आणि ते सासरच्या बाजूचं निघालं.

गीझर चालूच ठेवला आहे. हार मानायची तर समोर माणूस तरी हवा.

१२ नोव्हेंबर
एकाच गोष्टीवर अडून राहणं बरं नाही. आज बाकीचं वाचलं.

शॉवरचा पडदा आत येऊन पायाला का चिकटतो? पाण्याच्या फवाऱ्याबरोबर आतली हवा ओढली जाते, आत दाब कमी होतो, बाहेरची हवा पडद्याला आत ढकलते. ह्यांनी मला सांगितलं होतं की पडद्याला थंडी वाजते. मी नवी नवरी होते. हसले होते. तेव्हाच खडसावून विचारायला हवं होतं.

बेसिनमधलं पाणी गोल का फिरतं? ह्यांनी सांगितलं, पृथ्वी फिरते म्हणून. पुस्तक म्हणतं, एवढ्याशा बेसिनमध्ये पृथ्वीचं काही चालत नाही. बेसिनचा आकार कसा, पाणी कसं पडलं, त्यावर असतं. तीस वर्षं मी पृथ्वीला मान देत होते. शेजारणींना सांगितलं. मुलीला सांगितलं, तिने ते वर्गात सांगितलं. ती एकदा हिरमुसून घरी आली होती ते आता कळलं.

फरशी पायाला थंड लागते आणि पायपुसणं लागत नाही. दोन्ही असतात सारखीच थंड! फरशी आपली ऊब भराभर ओढून घेते, म्हणून जाणवते. वाचताना नणंदेची आठवण झाली.

आणि संध्याकाळी तिचाच फोन. ह्यांची धाकटी बहीण. म्हणाली, वहिनी, एकटी किती दिवस राहाल, मी येते चार दिवस. म्हटलं, या ना वन्सं. दुसरं काय म्हणणार!

१४ नोव्हेंबर
‘बंद’ पुसट झालं आहे.

पुस्तकात हे लिहिलेलं नाही, पण मी शोधून काढलं. वाफेचे थेंब मोठे होतात, ओघळतात आणि जाताना काचेवरचं थोडं थोडं घेऊन जातात. म्हणजे दिसायला वाफ लागते, आणि वाफेनेच ते जातं. जितकं बघावं तितकं झिजतं.

असली व्यवस्था कोणी केली? मी तक्रार कुठे करायची?

निश्चय: उद्यापासून गार पाण्याने अंघोळ. पक्का.

१५ नोव्हेंबर
एक मग ओतला. मग विचार केला, प्रयोग करणाराच आजारी पडला तर प्रयोग बघणार कोण?

गरम पाण्याने केली. डोळे मिटून. मधे एकदा उघडले, साबण शोधायला.

१६ नोव्हेंबर
आज ‘बं’वरचा अनुस्वार तेवढा ठीक केला. आरशाला हात न लावण्याचा निश्चय कायम आहे. अनुस्वार म्हणजे काही मजकूर नव्हे, ठिपका आहे. माशीसुद्धा देते.

१७ नोव्हेंबर
पुस्तकात आहे की काचेवर साबणाचा पातळ थर दिला तर तिथे धुकं धरत नाही. म्हणजे साबणाने रेघ पक्की होते. बोटाला साबण लावला आणि ‘बंद’वरून फिरवला. नंतर ‘गीझर’वरून, कारण एक शब्द ठळक आणि दुसरा फिका हे बरं दिसत नाही. ह्याला लिहिणं म्हणत नाहीत. जतन म्हणतात. वस्तुसंग्रहालयात पगारी माणसं ठेवलेली असतात ह्याच कामाला.

अडचण एकच. मजकूर ह्यांच्या उंचीला आहे. मला स्टूल लागतं.

१७ नोव्हेंबर, थोड्या वेळाने
ओली फरशी, त्यावर साबण, त्यावर प्लास्टिकचं स्टूल. घर्षण कमी होतं आणि वस्तू सरकते. मला माहीत होतं. पडायच्या आधीच वाचलं होतं.

गुडघा दुखतो आहे. स्टूल ह्यांनीच आणलेलं.

१९ नोव्हेंबर
गुडघा सुजला. स्टूल बंद. खाली उभं राहून हात पोचतो तेवढं जतन केलं.

नवीन निरीक्षण: अक्षरं किंचित खाली सरकली आहेत. गुरुत्वाकर्षण. साबणाचा थर ओला होतो, जड होतो, हळूहळू उतरतो. हे पुस्तकात नाही. ग्रंथालयाच्या बाईला सांगावं का, लेखकाला कळवायला?

२१ नोव्हेंबर
वन्सं आल्या. तीन पिशव्या आणि स्वतःची उशी.

येताच म्हणाल्या, वहिनी, वाळलात हो. मग म्हणाल्या, घर किती कोंदट. मग म्हणाल्या, दादा होता तेव्हा असं नव्हतं. फरशी बरी.

२२ नोव्हेंबर, सकाळी
वन्सं बाथरूममध्ये गातात. बाथरूमच्या भिंती टणक, आवाज शोषला जात नाही, परत परत आदळतो आणि काही सूर फुगतात. त्यामुळे कोणाचाही आवाज स्वतःला बरा वाटतो. मी त्यांना हे समजावून सांगितलं. त्यांना आवडलं नाही.

अंघोळ पाऊण तास. कढत पाण्याने. मी बाहेर उभी राहून हिशोब करत होते की किती ओघळलं असेल.

शेवटी बाहेर आल्या. मी वाट बघत होते. सख्ख्या भावाचं अक्षर बघितलं असणार. आता रडतील, मला मिठी मारतील, काय बोलायचं ते मी ठरवून ठेवलं होतं.

वन्सं केस पुसत म्हणाल्या, वहिनी, आरशावर लिहिलं होतं गीझर बंद कर म्हणून, तर मी केला हो बंद.

म्हटलं, अक्षर बघितलंत का?

म्हणाल्या, बघितलं की. छान लिहिता. मला वाटलं माझ्यासाठी पाटी लावलीत. तोंडाने सांगायला संकोच वाटत असेल.

मला पाणी गार मिळालं.

२२ नोव्हेंबर, दुपारी
एका आईच्या पोटी जन्मलेली. एका पाटीवर मुळाक्षरं गिरवलेली. आणि अक्षर ओळखलं नाही! ह्यांनी आयुष्यभर बहीण बहीण केलं. वरून बघत असतील तर बघू देत.

२५ नोव्हेंबर
वन्सं गेल्या. जाताना गळ्यात पडून रडल्या, ते मात्र खरं रडल्या. मीही.

२७ नोव्हेंबर
सकाळी दारात वायरमन. म्हणाला, मावशी, तुमच्या मुलीने फोन केला होता, बाथरूमचा पंखा बसवायचाय.

वाफ बाहेर टाकायचा पंखा. तो कधीचाच बंद पडला होता, आमचं काही अडलं नव्हतं. वन्सं जाता जाता मुलीला सांगून गेल्या की तुझ्या आईच्या बाथरूममध्ये बुरशी धरलीय. मला सांगितलं नाही. गळ्यात पडताना सांगता आलं असतं.

वायरमन भराभर काम करणारा. तासाभरात नवा पंखा. म्हणाला, मावशी, आता वाफ औषधाला सापडणार नाही. त्याला वाटलं मी खूश होईन.

मुलीचा फोन. आई, कसं वाटलं सरप्राइज? म्हटलं, जोरदार आहे.

२८ नोव्हेंबर
खरोखर वाफ धरत नाही. गरम अंघोळ केली, आरसा लख्ख. आत मी.

पंखा आणि दिवा एकाच बटणावर आहेत. पंखा नको तर दिवाही नाही.

निश्चय: अंधारात अंघोळ.

२९ नोव्हेंबर
केली. वाफ उत्तम धरली असावी. दिसलं नाही.

३० नोव्हेंबर
टॉर्च घेऊन गेले. साबणाच्या डबीत उभा केला. प्रकाश तिरका पडला की वाफेचे थेंब चमकतात आणि रेघा जास्तच स्पष्ट दिसतात. ‘कर’ अगदी सुंदर. वाचून मन भरलं. मग टॉर्च पाण्यात पडला.

१ डिसेंबर
उपाय सापडला. ह्यांचा एक मोजा पंख्यामागच्या नळीत कोंबला, लोकरीचा. वाफेला बाहेर जायला वाटच नाही. दिवा आहे, पंखा फिरतोय, वाफही आहे. मुलीचं मन राहिलं आणि प्रयोगही राहिला. हे काम झाडूच्या दांड्याने खालूनच केलं.

जतन चालू. आता रोज करावं लागतं. अक्षरं अजून थोडी उतरली आहेत. गुरुत्वाकर्षण थांबत नाही.

३ डिसेंबर
पंख्याला जळका वास. वायरमनला बोलवावं लागलं.

त्याने झाकण काढलं आणि मोजा ओढून बाहेर काढला. माझ्याकडे बघितलं. म्हटलं, पक्ष्यांनी आणला असेल, घरटं करायला.

म्हणाला, मावशी, आणला असेल. पण पक्षी दांड्याने ठासत नाहीत.

मोजा मला धुवून दिला त्याने, बेसिनवर, स्वतः. पिळून, झटकून. मला हे जास्त लागलं. मग बाहेर जिन्यात उभा राहून मुलीला फोन केला. हळू बोलला, पण जिनासुद्धा टणक भिंतींचा असतो.

४ डिसेंबर
मुलगी शनिवारी येते आहे. म्हणाली, आई, सहज येतेय. सहज म्हणताना तिचा आवाज तिच्या बापासारखा होतो, खोटं बोलतानाचा.

ठीक आहे. येऊ दे. खरं म्हणजे हे आधीच करायला हवं होतं. तिला दाखवायचं. मोजा का, टॉर्च का, सगळं एका नजरेत कळेल. ह्यांच्या हातचं हे एवढंच राहिलंय. बाकी सह्या आहेत, पण सह्या दुकानासाठी केलेल्या. हे मला लिहिलेलं आहे.

वन्संना नसेल ओळखता आलं. मुलीला येईल. तिने बापाचं बोट धरून अक्षर गिरवलंय.

५ डिसेंबर
तयारी. पंख्याची वायर वायरमननेच काढून ठेवली आहे, नवा भाग आणेपर्यंत. देव त्याचं भलं करो. बाथरूम घासली, आरसा सोडून. अखेरचं जतन केलं, सावकाश, एकेक अक्षर.

ती रडेल. मी धीर द्यायचा. धुतलेले दोन रुमाल काढून ठेवले, एक जास्तीचा.

७ डिसेंबर, रविवार
मुलगी काल रात्री आली. जेवली, झोपली, मोज्याचा विषय काढला नाही. सकाळी मी म्हटलं, आधी अंघोळ कर, गरम पाण्याने, दार लावून. आणि झाली की मला हाक मार.

हाक मारली. गेले. वाफ भरलेली. पाणी टपकत होतं. ती टॉवेल गुंडाळून आरशासमोर उभी होती आणि आरसा वाचत होती.

मी तिच्या मागे उभी राहिले. रुमाल हातात.

म्हणाली, आई, हे कोणी लिहिलं?

म्हटलं, बघ की.

तिने बघितलं. बराच वेळ. मग म्हणाली, बाबा? आवाज अगदी लहान करून, जणू मला काही होऊ नये म्हणून. म्हणाली, आई, बाबांना हे लिहायला गुडघे टेकावे लागले असते.

मी तिला गुरुत्वाकर्षण समजावलं. साबणाचा थर ओला होतो, जड होतो, उतरतो. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, आणि उतरता उतरता तुझ्यासारखं गोल झालं का?

ती बापावर गेली आहे, उंच. आरशात तिचं डोकं जिथे येत होतं तिथे तिने वर हात नेला आणि नुसता काचेजवळ धरला. तिथे होतं ते. तिथे आता काही नव्हतं, सगळीकडे धरते तशी वाफ होती.

मजकूर माझ्या नाकासमोर. गोल, टपोरा, रेघेला धरून. शाळेत बाई म्हणायच्या, हिचं अक्षर मात्र वाखाणण्यासारखं.

रडली नाही. मीही नाही. दोन्ही रुमाल कोरडे.

मग तिने घड्याळ बघितलं. दुपारची गाडी होती, केस विंचरायचे होते. कंगवा हातात घेऊन तशीच थांबली. म्हणाली, आई, पुसू का थोडं? दिसत नाहीये.

म्हटलं, पूस. माझंच आहे ते.